डॉ. जेम्स सिरिअ‍ॅक्स : मुरगळलेल्या पायाचा वैद्य

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा पाय कधीच मुरगळला नाही, असे सहसा घडत नाही. मैदान उज्जैनच्या नानाखेड्यातले असो, कोल्हापूरचे शाहू स्टेडियम असो, नाहीतर आपल्या कॉलेजमागचे खडबडीत पटांगण असो, प्रसंग तोच. चेंडूसाठी दोघे एकदम झेपावतात, एकाचा पाय खळग्यात किंवा दुसऱ्याच्या बुटावर पडतो, पाऊल आतल्या बाजूला वळते आणि मुलगा घोटा धरून खाली बसतो. मराठी मुले म्हणतात पाय मुरगळला, कन्नड मुले म्हणतात उळुकु. पुढचा कार्यक्रम मात्र दोन्ही भाषांत सारखाच असतो. कोणी म्हणते हळद आणि तुरटी गरम करून लाव, कोणी आंबेहळद उगाळायला सांगते, कोणी तालमीतल्या वस्तादाकडे नेऊन पाय ओढून घेण्याचा सल्ला देते. कंबरेत लचक भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घेणारी घरे अजून आहेत. काही नाही तर गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि तीन आठवडे अंथरूण.

वरवर ही गोष्ट अगदी किरकोळ वाटते. हाड मोडलेले नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, मग चिंता कसली? पण चार महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो, वर्षभरात तिसऱ्यांदा मुरगळतो, आणि चांगला खेळणारा मुलगा हळूहळू प्रेक्षकांत जाऊन बसतो. हाड मोडलेल्या मुलाची सर्वजण विचारपूस करतात. ज्याचा घोटा नुसताच मुरगळला, तो संघातून कधी गळला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या किरकोळ समजल्या जाणाऱ्या दुखण्यांसाठी ज्याने सारे आयुष्य वेचले, त्या इंग्रज डॉक्टरची ही ओळख आहे. डॉ. जेम्स हेन्री सिरिअ‍ॅक्स हे नाव सामान्य वाचकाच्या परिचयाचे नसेल. पण फिजिओथेरपी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला विचारा, हे नाव ऐकताच त्यांच्या अंगठ्यात कळ येईल! का, ते पुढे कळेलच.

सिरिअ‍ॅक्स यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९०४ रोजी लंडन येथे झाला. अंग चोळणे, सांधे हलवणे, व्यायामाने दुखणी बरी करणे ही विद्या त्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून होती. तिचे मूळ स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) या स्वीडिश गृहस्थाने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची राष्ट्रीय संस्था काढली आणि निरोगी माणसासाठी जसा व्यायाम असतो तसा रोग्यासाठीही ठरवून दिलेला व्यायाम असू शकतो, असे प्रतिपादन केले. युरोपातल्या फिजिओथेरपीचा उगम सामान्यतः तेथून सांगतात. याच परंपरेत हेन्रिक केलग्रेन तयार झाले. हे मूळचे सैन्यातले अधिकारी. नुसत्या हातांनी आणि कंपनांनी ते उपचार करीत, आणि स्वीडनमधील सान्ना व लंडन या दोन्ही ठिकाणी त्यांचे दवाखाने होते. १८९९ साली प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन आपल्या आजारी मुलीला घेऊन त्यांच्याकडे सान्ना येथे आणि नंतर लंडनला उपचारासाठी राहिले होते, एवढा त्यांचा बोलबाला होता. हे केलग्रेन म्हणजे जेम्स सिरिअ‍ॅक्स यांचे आईकडचे आजोबा. वडील एडगर सिरिअ‍ॅक्स हेही याच हस्तोपचारांचे पुरस्कर्ते, आणि त्यावर त्यांनी पुष्कळ लेखन केलेले.

अशा घरातला मुलगा आजोबांची गादी चालवील असे कोणालाही वाटले असते. पण जेम्स यांनी केंब्रिज येथे शिक्षण घेतले, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यक शिकून १९२९ साली पदवी मिळवली आणि तेथेच ते नोकरीला लागले. टेम्स नदीच्या काठी पार्लमेंटच्या समोर उभे असलेले हे रुग्णालय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये परिचारिकांची शाळा काढली ती याच संस्थेत. घरी मिळालेले हाताचे कसब आणि रुग्णालयात मिळालेली शरीरशास्त्राची शिस्त हे दोन प्रवाह या तरुणात एकत्र आले. पण ते सुखाने एकत्र नांदले असे मात्र म्हणता येणार नाही. आजोबांच्या पद्धतीतले कसब त्यांनी घेतले, तिच्यामागचे तत्त्वज्ञान बरेचसे टाकून दिले. घरच्या विद्येशी असे वागायला धैर्य लागते.

रुग्णालयाच्या अस्थिविभागात काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. हाड मोडलेला, सांधा निखळलेला असा रोगी आला की त्याच्यासाठी सगळी यंत्रणा धावे. एक्स-रे, शस्त्रक्रिया, प्लास्टर, सर्व काही व्यवस्थित. पण ज्यांच्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही अशा रोग्यांची रांग त्याहून मोठी होती. खांदा वर जात नाही, कोपर दुखते, घोटा मुरगळल्यापासून सुजतो, अशा तक्रारी घेऊन ती माणसे येत. त्यांना चिठ्ठी मिळे ती एकच : शेक आणि मसाज. कशाला शेक, कोठे मसाज, नेमके काय बिघडले आहे, याचा उल्लेख त्या चिठ्ठीवर नसे. मसाज करणाऱ्या बाई दुखऱ्या भागावर सगळीकडे हात फिरवीत. रोगी बरा झाला तर झाला, नाही तर त्याचे दुखणे मनाचे ठरे.

सिरिअ‍ॅक्स यांचे म्हणणे असे की, एक्स-रेमध्ये हाड दिसते, आणि दुखते ते बहुधा हाड नसते. दुखतो तो स्नायू, त्याला हाडाशी जोडणारी कंडरा, किंवा दोन हाडांना एकत्र बांधणारा अस्थिबंध म्हणजे लिगामेंट. हे सारे एक्स-रेला पारदर्शक असतात. मग ते तपासायचे कसे? त्यांनी उत्तर काढले ते साधे आहे, आणि साधेपणामुळेच ते इतके दिवस कोणाला सुचले नसावे. ज्या भागाला इजा झाली आहे त्याच भागावर ताण द्यायचा आणि दुसऱ्या भागांवर येऊ द्यायचा नाही. जर वैद्याने रोग्याचा सांधा स्वतःच्या हाताने हलवला आणि रोग्याने स्नायू ढिले ठेवले, तर ताण पडतो अस्थिबंधावर आणि सांध्याच्या आवरणावर. उलट सांधा जागच्या जागी धरून ठेवला आणि रोग्याला जोर लावायला सांगितले, तर ताण पडतो स्नायूवर आणि कंडरेवर.

घोट्याच्या उदाहरणाने हे चटकन समजेल. पावलाच्या बाहेरच्या बाजूला जो टेंगळासारखा उंचवटा असतो, त्याच्यापासून तीन अस्थिबंध निघतात. एक पुढे जाऊन टॅलस नावाच्या हाडाला मिळतो, एक खाली टाचेच्या हाडाला, आणि एक मागे. पाऊल आत वळले की सर्वांत आधी बहुधा पुढचा अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो. वैद्याने पाऊल हलकेच खाली आणि आत वळवले व त्या वेळी कळ आली, तर संशय त्या अस्थिबंधावर. पण तसे वळवताना न दुखता, रोगी पाऊल बाहेरच्या बाजूला जोराने दाबतो तेव्हा दुखत असेल, तर दोष बाजूने जाणाऱ्या कंडरेचा. दोन्ही ठिकाणी बाहेरून सूज सारखीच, रोग्याची तक्रार तीच, पण उपचाराची जागा वेगळी. या चाचण्यांना खर्च येत नाही, यंत्र लागत नाही. लागतात ते दोन हात आणि शरीररचनेचे पक्के ज्ञान.

दुखते तेथेच दोष असतो असे मात्र नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या आईच्या नात्यातले जोनास केलग्रेन हेही पुढे संधिवाताचे मोठे तज्ज्ञ झाले. त्यांनी १९३८ च्या सुमारास स्नायूंत व अस्थिबंधांत मिठाचे तीव्र पाणी टोचून, वेदना मूळ जागेपासून किती दूर जाणवू शकते ते दाखवून दिले होते. खांद्यातला दोष दंडात दुखतो, कमरेतला पोटरीत. सिरिअ‍ॅक्स यांनी याचा पुरेपूर उपयोग केला. परंतु त्यांचे निरीक्षण असेही होते की शरीराच्या टोकाकडे, म्हणजे हाताच्या व पायाच्या पंजाकडे, जावे तशी वेदना अधिकाधिक खरे बोलू लागते. मनगटात व घोट्यात रोगी जेथे बोट ठेवतो, दोष सहसा तेथेच किंवा अगदी जवळ असतो. तेव्हा घोटा हा शिकाऊ मुलांसाठी मोठा दयाळू सांधा म्हणायचा.

निदान बरोबर आहे की नाही हे तपासण्याची त्यांची रीत मला फार आवडते. संशयित जागी ते भूल देणारे औषध थोडेसे टोचीत आणि काही मिनिटांनी तीच हालचाल पुन्हा करून पाहत. दुखणे नाहीसे झाले तर निदान खरे. नाही झाले तर वैद्य चुकला, पुन्हा शोध. स्वतःला चूक ठरवण्याची सोय स्वतःच करून ठेवणारे लोक कोणत्याही क्षेत्रात थोडे. १९३६ साली त्यांनी टेनिस खेळणाऱ्यांच्या कोपराच्या दुखण्यावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १९३८ मध्ये त्यांनी सेंट थॉमसमध्ये शस्त्रक्रियेविना हाडा-सांध्यांच्या दुखण्यांवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग उभा केला. त्याला त्यांनी ऑर्थोपेडिक मेडिसिन असे नाव दिले. हाडांची शस्त्रक्रिया करणारे पुष्कळ होते. हाडांचे, किंबहुना हाडांभोवतालच्या मऊ भागांचे वैद्यक करणारा त्यांच्या मते कोणी नव्हता.

आता उपचाराकडे वळू. त्या काळी मुरगळलेल्या पायाबद्दल डॉक्टरांत दोन पंथ होते. इंग्लंडमध्ये ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) या लिव्हरपूलच्या थोर अस्थिवैद्याचा दबदबा मोठा. पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेल्या या माणसाची शिकवण अशी की, बिघडलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी. क्षयाने ग्रस्त सांध्यांच्या बाबतीत ती खरीही होती. पण थोरांचे शब्द त्यांच्या जागेवरून उचलून भलत्याच जागी ठेवण्याची खोड सगळीकडेच असते, आणि त्यामुळे साध्या मुरगळलेल्या घोट्यालाही आठवडेच्या आठवडे प्लास्टर बसू लागले. दुसऱ्या बाजूला फ्रान्समध्ये ल्यूका-शांपिओनिएर यांनी मोडलेल्या हाडांनाही लवकर हालचाल आणि सौम्य मसाज द्यावा असा आग्रह धरला होता. फ्रान्समधलेच रने लेरिश मुरगळलेल्या जागी भुलीचे औषध टोचून रोग्याला लगेच चालायला लावीत.

सिरिअ‍ॅक्स हालचालीच्या पंथाचे, पण त्यांनी त्याला नेमकेपणा आणला. त्यांचा विचार असा : अस्थिबंधाचे तंतू फाटले की शरीर तेथे नवे तंतू विणू लागते. सांधा अजिबात हलला नाही, तर हे तंतू वाटेल तसे, आडवेतिडवे विणले जातात आणि अस्थिबंधाला खालच्या हाडाशी चिकटवून टाकतात. जखम भरते, पण चिकटून भरते. पुढे मुलगा धावू लागला की ती चिकटलेली जागा दर वेळी ओढली जाते, सुजते, दुखते. तेव्हा जखम भरत असतानाच तिला तिच्या नेहमीच्या हालचालीची आठवण करून देत राहिले पाहिजे. मात्र फाटलेली टोके एकमेकांपासून दूर ओढली जाता कामा नयेत. पाऊल आत वळवू नये, पण वर-खाली करावे.

म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचा उपचार सुरू होई. पाय उंच ठेवायचा. प्रथम हलक्या हाताने सूज पोटरीकडे वर सारायची, म्हणजे जागा बोटाला सापडते. मग बोटाचे टोक नेमके त्या फाटलेल्या अस्थिबंधावर ठेवून तंतूंच्या आडव्या दिशेने पुढे-मागे हलवायचे. कातडीवरून बोट घसरवायचे नाही, कातडी आणि बोट मिळून एकदमच हलले पाहिजे. ताज्या दुखापतीत हे अगदी सौम्य आणि थोडाच वेळ, अस्थिबंध हाडावरून जरासा सरकला म्हणजे पुरे. त्यानंतर रोग्याने स्वतः पाऊल हलवायचे, आणि उभे राहता येताच लंगडत नव्हे तर टाच आधी व बोटे नंतर टेकवून नीट चालायला शिकायचे. जुन्या, चिकटून बसलेल्या दुखण्यात मात्र हेच आडवे घर्षण खोलवर, पंधरा-वीस मिनिटे, एक दिवसाआड करावे लागे, आणि गरज पडल्यास शेवटी एका झटक्याने ती चिकटलेली जागा सोडवावी लागे. वीस मिनिटे बोटाच्या एका टोकाने घर्षण करून पाहा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अंगठ्याचे दुःख समजेल. तेल लावून अंगभर चोळणारा आपल्याकडचा मालीशवाला आणि एका करंगळीएवढ्या जागेवर काम करणारा हा मसाज, यांत नावाखेरीज साम्य थोडे.

फुटबॉलच्या इतिहासात डोकावले तर या विचाराची गरज किती होती ते दिसते. इंग्लंडसारख्या फुटबॉलवेड्या देशातही संघाचा ट्रेनर बहुधा जुना खेळाडू असे, आणि त्याचे औषध म्हणजे थंड पाण्याची बादली व स्पंज. डॉक्टर प्लास्टर घालून घरी बसवतात म्हणून खेळाडू अशिक्षित हाडवैद्यांकडे धाव घेत. त्यांतले हर्बर्ट बार्कर इतके नावारूपाला आले की, वैद्यकाची पदवी नसताना त्यांना १९२२ साली सर हा किताब मिळाला, आणि त्यापूर्वी १९११ साली त्यांच्या रोग्यांना भूल देण्याबद्दल डॉ. अ‍ॅक्सहॅम या पदवीधर डॉक्टरांचे नाव मात्र वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले! आपल्याकडे पाहावे तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या भारतीय संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या एवढेच. त्या संघाचे कप्तान तालिमेरेन आओ त्या वेळी कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होते. सामना भारत २–१ असा हरला, पण बूट घातलेल्या युरोपियनांसमोर उघड्या पायांनी नव्वद मिनिटे टिकणाऱ्या त्या घोट्यांचे लंडनकरांना भारी कौतुक वाटले.

सिरिअ‍ॅक्स यांची भूमिका या दोघांच्या, म्हणजे डॉक्टर आणि हाडवैद्य यांच्या, बरोबर मध्ये होती, आणि त्यामुळे दोन्हीकडून त्यांना मार बसला. हाडवैद्य आणि ऑस्टिओपॅथ यांचे हाताचे कसब खरे आहे, पण त्याची ते देतात ती कारणे खोटी आहेत, असे ते उघड सांगत. मणका जागेवरून सरकल्याने सर्व रोग होतात ही कल्पना त्यांना मुळीच मान्य नव्हती. उलट आपल्या व्यवसायबंधूंना ते सुनावीत की, तुम्ही हात वापरायचे सोडून दिलेत म्हणून रोगी तिकडे जातात. स्वभाव फटकळ, स्वतःच्या मताबद्दल शंका थोडी. अशा माणसाला समित्यांवर जागा मिळत नाही. आपला विषय वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य व्हावा ही त्यांची आयुष्यभराची इच्छा इंग्लंडात त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

पण त्यांना ऐकणारा एक वर्ग मिळाला, तो फिजिओथेरपिस्टांचा. इंग्लंडात १८९४ साली काही परिचारिकांनी मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढून या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा प्रयत्न सुरू केला होता, आणि १९२० मध्ये तिला राजाची सनद मिळाली. सेंट थॉमसमध्ये सिरिअ‍ॅक्स यांच्या आधी डॉ. जेम्स मेनेल यांनी या मंडळींना शास्त्रशुद्ध मसाज शिकवला होता. सिरिअ‍ॅक्स यांनी त्यांना त्यापुढे नेऊन तपासणी शिकवली, सांधा सोडवण्याचे कसब शिकवले. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे हात फिरवणारी बाई आणि रोग कोठे आहे ते शोधून सांगू शकणारी तज्ज्ञ, यांतले अंतर कमी करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एरवी कोणाचे फारसे न ऐकणारा हा माणूस या विद्यार्थिनींना मात्र तासन्‌तास शिकवी. त्यांच्या द्वितीय पत्नी पॅट्रिशिया या स्वतः फिजिओथेरपिस्टच. १९४७ साली त्यांच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड आला, आणि त्याच्या आवृत्त्या पुढे निघतच राहिल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. त्यानंतर आपल्याकडे तयार झालेल्या पिढ्यांनाही त्यांची चाचणीपद्धत शिकावी लागली. १९६९ मध्ये ते सेंट थॉमसमधून निवृत्त झाले, तरी शिकवणे व दौरे थांबले नाहीत. अमेरिकेत रॉचेस्टर येथेही ते पाहुणे प्राध्यापक होते.

आता त्यांचे किती टिकले आणि किती गळाले, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. चरित्र लिहायचे म्हणजे आरती ओवाळायची असे नव्हे.

हालचालीचा आग्रह टिकला. प्लास्टरमध्ये स्थिर ठेवणे आणि आधाराची पट्टी बांधून लवकर चालायला लावणे यांची तुलना करणाऱ्या २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत दोन हजारांवर रोगी होते. चाचण्यांचा दर्जा सारखा नव्हता, तरी खेळाकडे व कामाकडे लवकर परतण्याच्या बाबतीत कौल लवकर चालणाऱ्यांच्या बाजूने पडला. पण प्रत्येक घोटा सारखा नसतो. २००९ मध्ये इंग्लंडातच झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, ज्यांना पाय टेकवताच येत नाही इतका गंभीर मुरगळा आहे, त्यांना दहा दिवसांचे प्लास्टर नुसत्या लवचीक पट्टीपेक्षा लवकर बरे करते. म्हणजे थॉमस यांची विश्रांतीही अगदीच टाकाऊ नव्हती. आठवड्यांऐवजी दिवसांत मोजायची होती. बर्फ, पट्टी, पाय वर आणि विश्रांती हे सूत्र १९७८ साली अमेरिकेच्या डॉ. मर्किन यांनी लोकप्रिय केले. त्यांनीच पुढे २०१४ च्या सुमारास त्यातल्या बर्फाचा व पूर्ण विश्रांतीचा आग्रह मागे घेतला.

एक्स-रेबद्दलची सिरिअ‍ॅक्स यांची कुरकुरही वेगळ्या वाटेने खरी ठरली. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी नियम बसवले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत, हाड दाबल्यावर दुखत नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचे आणि आतल्या बाजूचे नेमून दिलेले हाडही दुखत नाही, आणि रोगी चार पावले टाकू शकतो, तर हाड मोडलेले असण्याचा संभव फार थोडा, एक्स-रे काढण्याचे कारण नाही. आपल्या क्रीडाविभागाच्या भिंतीवर हा नियम टांगायला हरकत नाही. त्याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा : यांपैकी काही असेल, तर वस्तादाकडून पाय ओढून घेण्याआधी एक्स-रे.

जे टिकले नाही, ते नेमके त्यांचे लाडके घर्षण. त्याने रोग्याला तात्पुरता आराम मिळतो हे अनेकांनी अनुभवले आहे, पण त्याने जखम लवकर किंवा चांगली भरते असे सिद्ध झालेले नाही. कंडरांच्या दुखण्यावरील चाचण्यांच्या २००२ सालच्या आढाव्यात ठाम लाभ आढळला नाही. हायड्रोकॉर्टिसोनची सुई ते सढळ हाताने वापरीत. ताज्या मुरगळलेल्या घोट्यात ती आज सहसा टोचत नाहीत. स्वतःचे निदान पडताळण्याची इतकी सुंदर युक्ती काढणाऱ्या माणसाने आपला उपचार मात्र तशाच कसोटीला लावला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी उणीव मला वाटते. रोगी बरे होत होते. पण मुरगळलेले पाय पुष्कळसे आपोआपही बरे होतात, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

आणि एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. त्यांच्या लेखी अस्थिबंध म्हणजे एक दोर. लंडनमध्येच मायकेल फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की हा दोर मुका नाही. त्याच्यात मज्जातंतूंची टोके असतात, आणि पाऊल कोठे, किती वळले आहे याची वर्दी ती मेंदूला देत असतात. अस्थिबंध फाटला की ही वर्दीही तुटते, आणि पाय जागेवर आणायला स्नायूंना उशीर होतो. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो त्याचे एक मोठे कारण हे. त्यावर फ्रीमन यांचा उपाय म्हणजे खाली अर्धगोल लावलेल्या डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळत उभे राहण्याचा व्यायाम. स्वीडनमध्ये फुटबॉलपटूंवर ट्रॉप यांनी याची परीक्षा घेतली. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांनी अशा फळीवर सराव केला, तर पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले १९८५ साली. केलग्रेन आजोबांच्या देशातून, आजोबांच्याच व्यायामाच्या वाटेने नातवाची राहिलेली बाजू पुरी झाली म्हणायची.

ती त्यांनी वाचली असेल असे दिसत नाही. १७ जून १९८५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, त्या वेळी ते ऐंशी वर्षांचे होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८३ मध्ये, पती-पत्नी दोघांच्या नावाने त्यांच्या पद्धतीचे सचित्र पुस्तक निघाले होते. फिजिओथेरपीच्या वर्गात आजही पहिल्या वर्षांची मुले एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बसतात, बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे-खाली बोट नेतात, आणि तो पुढचा अस्थिबंध सापडला की समोरचा मित्र पाय मागे ओढतो.